जुन्या ब्लॅकबेरीतील पत्त्यांचे काय?

सोनिवलीहून बदलापूर स्थानक गाठायचे आणि तेथून तासाभराहून अधिक काळ लोकलने प्रवास करून मुंबईतील कचेरीत पोहोचायचे, हा अनेकांचा नित्यक्रम. कचेरीतील ई-मेलला गाडीतूनच उत्तर देता येते, याचे अशा नोकरदारांना अप्रूप वाटले नसते तरच नवल. भारतात ब्लॅकबेरीची ही सेवा २००४ मध्ये एअरटेलने आणली. पुढे तो संच मागे पडला, पण बऱ्याच घरांत तो आजही कपाटात जपून ठेवलेला आढळतो. त्यात अडकलेले पत्ते, निरोप व छायाचित्रे हा खरा प्रश्न आहे.

ब्लॅकबेरीत पत्र सर्व्हरवर येताच ते आपणहून संचाकडे धाडले जाई. प्रत्येक संचाला आठ अक्षर-अंकांचा ‘पिन’ असे आणि ई-मेल खाते त्याच्याशी जोडलेले असे. त्यामुळे ‘कर्व्ह’ सोडून ‘बोल्ड’ घेणाऱ्याचे नुसते सिमकार्ड बदलून भागत नसे. खाते नव्या पिनकडे वळवावे लागे. कचेरीचे खाते असल्यास तेथील संगणक विभागाकडून नवा पासवर्ड घेणे आले. बाकीचा मजकूर संगणकावरील ‘डेस्कटॉप मॅनेजर’ एका संचातून दुसऱ्यात उतरवीत असे. ही सोय उत्तम होती, मात्र वेळीच वापरणारे थोडे.

२०१३ मधील ‘ब्लॅकबेरी १०’ने ही घडी मोडली. ई-मेल थेट पुरवठादाराच्या सर्व्हरवरून येऊ लागले. ४ जानेवारी २०२२ रोजी कंपनीने ‘ब्लॅकबेरी १०’सह सर्व जुन्या प्रणालींच्या सेवा थांबविल्या. तेव्हापासून या संचांवर डेटा, एसएमएस, इतकेच नव्हे तर साधा दूरध्वनीही भरवशाने चालेल याची हमी उरली नाही.

संचातील मजकूर मात्र त्यामुळे पुसला गेलेला नाही. बॅटरी फुगली असल्यास ती चार्ज न करता बदलावी. त्यानंतरचा धोका पासवर्डचा. लागोपाठ दहा वेळा चुकीचा पासवर्ड टाकल्यास संच सारा मजकूर स्वतःच पुसून टाकतो. तेव्हा अंदाजाने आकडे दाबत बसू नये. २०१० मध्ये केंद्र सरकारने सुरक्षेच्या कारणास्तव ब्लॅकबेरीवरील संदेश पाहण्याची मुभा मागितली, तेव्हा कंपन्यांच्या ई-मेलची किल्ली आपल्याकडेही नसल्याचे उत्पादक कंपनीने सांगितले होते. त्याच कडेकोट सुरक्षेचा फटका आता विसराळू मालकाला बसतो.

पासवर्ड आठवत असेल तर पत्ते सिमकार्डावर उतरविता येतात. कार्डाची जागा बेताची असल्याने निवडक नावे आधी घ्यावीत. उरलेली ब्ल्यूटूथने पाठवावीत. छायाचित्रांचे मेमरी कार्ड थेट काढून दुसऱ्या संचात घालण्याची घाई नको. कार्ड सांकेतिक रूपात साठविलेले असल्यास ते अन्यत्र वाचता येत नाही. मूळ संचातच ते बंधन आधी उठवावे लागते. हे सारे झाल्यावर, आणि दुसरीकडे उतरलेली नावे एकदा तपासूनच, सुरक्षा विभागातील ‘वाइप’ची आज्ञा द्यावी व मग संच ई-कचऱ्यात द्यावा.