गुलाबी नळीचा आग्रह

हजीऱ्याच्या कारखान्यांभोवतीच्या वसाहतींत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यापायी गॅलरीतल्या कुंड्या पुष्कळदा घरात घ्याव्या लागतात. आणि कुंडी आत आली, की कोणीतरी जाणकार हटकून शिफारस करतो, की साधी पांढरी ट्यूबलाइट झाडांच्या कामाची नव्हे, त्यांना खास गुलाबी-जांभळी नळीच हवी. हा सल्ला इतक्या मुखांतून आणि इतक्या ठामपणे कानी येतो, की त्याचा एकदा सविस्तर खुलासा करणे अगत्याचे झाले आहे.

या समजुतीचे मूळ एका आलेखात आहे. हरितद्रव्य पानातून काढून विद्रावात मिसळले, तर ते निळा व तांबडा प्रकाश शोषते आणि हिरवा बहुतांशी सोडून देते, हे खरे. परंतु जिवंत पान म्हणजे परीक्षानळीतील विद्राव नव्हे. पानाच्या थरांत हिरवा किरण वारंवार विखुरला जाऊन अखेरीस बराचसा शोषला जातो. टेक्सासमधील कीथ मॅक्री यांनी २२ जातींच्या वनस्पतींच्या पानांवर निरनिराळ्या रंगांचा प्रकाश सोडून प्रकाशसंश्लेषण मोजले व १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत तांबड्याची सरशी दिसली, पण हिरवा निळ्याच्या फारसा मागे नव्हता. अर्धशतकापूर्वीचा हा दाखला उपलब्ध असताना दुकानदाराने परीक्षानळीचाच आलेख पुढे करून दामदुप्पट किंमत घ्यावी आणि सुशिक्षितांनी ती निमूटपणे द्यावी, याला काय म्हणावे? ६५०० केल्विनची साधी 'डेलाइट' ट्यूब रोपांना पुरेसे रंग पुरवते.

मग झाड का सुकते? कसूर रंगाची नसून अंतराची असते. दुपारच्या उघड्या उन्हाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स भरते. छताजवळच्या ट्यूबखाली जमिनीवर दोनशे-तीनशे लक्सही मुश्किलीने मिळतात, आणि अंधाराला सरावणारा आपला डोळा हा जमीन-अस्मानाचा फरक आपल्याला जाणवू देत नाही. म्हणून दोन-तीन नळ्या शेजारी-शेजारी लावून त्या शेंड्यापासून वीतभर उंचीवर ठेवाव्यात आणि रोप वाढेल तशा वर सरकवाव्यात. एवढी तजवीज केल्यास बियांची रोपे, पालेभाज्या व मनीप्लांट उत्तम चालतात. तुळशीला मात्र खिडकीतले ऊनच द्यावे.

चोवीस तास उजेड दिल्याने वाढ दुप्पट होत नाही. टोमॅटोची पाने तर अखंड प्रकाशात पिवळी पडतात. बारा ते सोळा तास पुरेत. शेवंतीला फुलण्यासाठी लांब रात्र लागते, तेव्हा रात्रीच्या दिव्याखाली ठेवून ती फुलत नाही अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. जुनी नळी पेटते म्हणून पूर्वीइतकाच उजेड देते, हेही खरे नव्हे. वापराबरोबर तो घटत जातो.

ज्यांच्या घरी ट्यूबा आहेत, त्यांनी त्या खुशाल वापराव्यात. नव्याने खरेदी करणाऱ्यांनी पांढरा एलईडीच घ्यावा, कारण सर्वसाधारण प्रकाशयोजनेच्या लांब फ्लुरोसंट नळ्यांची निर्मिती व आयात-निर्यात २०२७ पर्यंत संपवण्याचा निर्णय पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या सभासद राष्ट्रांनी २०२३ साली जिनिव्हा येथे घेतला आहे. या नळ्यांत पारा असतो. तेव्हा निकामी झालेली नळी फोडून कचऱ्यात टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्यांकडे अखंड द्यावी.