विश्लेषण : घरच्या वर्कशॉपसाठी मोठा बँड सॉ घेताय? चाकाच्या आकाराआधी काय तपासावे?

जुन्या वाड्याच्या पाडकामातून निघालेली सागवानी तुळई मिळते, पण तिच्या फळ्या काढून देणारा मिळत नाही. आत राहिलेल्या खिळ्यांच्या भीतीने वखारवाले असे लाकूड यंत्रावर घ्यायला नाखूश असतात. मग छंद म्हणून सुतारकाम करणाऱ्यांची नजर स्वतःच्या बँड सॉकडे, तोही मोठ्या, ४५० ते ६०० मिलिमीटर चाकाच्या यंत्राकडे वळते. जाहिरातीत चाकाचा व्यास आणि मोटरची हॉर्सपॉवर ठळक छापलेली असते. प्रत्यक्षात यंत्र सरळ कापेल का, हे ठरते ते ब्लेड किती ताणून धरता येते यावर. आणि ते घरात नांदेल का, हे ठरते जमीन, वीज आणि वन विभागाचे नियम यांवर.

बँड सॉच का?

एकावर एक बसवलेली दोन चाके, त्यांवर फिरणारी दात्यांची अखंड पट्टी आणि मध्ये टेबल, एवढीच या यंत्राची रचना. कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी १८०८ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. पण पट्टीची दोन टोके भक्कम जोडण्याचे तंत्र नव्हते आणि जोड सतत तुटत असे. फ्रान्समध्ये जोडाचे तंत्र सुधारल्यावर, म्हणजे १८४६ नंतर, हे यंत्र खऱ्या अर्थाने कामाचे झाले. आजही ब्लेड तुटते तेव्हा अनेकदा ते जोडाशीच तुटते.

घरासाठी याचे दोन मोठे फायदे. पहिला कापाच्या खोलीचा. २५० मिलिमीटरच्या गोल करवतीचा टेबल सॉ साधारण ७५ ते ८० मिलिमीटर खोल कापतो. म्हणजे २०० मिलिमीटर उंचीची तुळई दोन्ही बाजूंनी कापली तरी मधला भाग उरतोच. दुसरा फायदा भुशाचा, म्हणजे वाया जाणाऱ्या लाकडाचा. गोल करवतीचा काप सुमारे ३ मिलिमीटर रुंद, तर बँड सॉचा दीड मिलिमीटरच्या आसपास. १५० मिलिमीटर जाडीच्या लाकडातून १० मिलिमीटरच्या फळ्या काढल्या, तर पहिल्या हिशेबात ११ आणि दुसऱ्यात १३ फळ्या निघतात. जुन्या सागाच्या दोन फळ्या म्हणजे थोडे नव्हे.

सुरक्षेचा मुद्दाही आहे. बँड सॉचे ब्लेड लाकूड खाली टेबलावर दाबते, त्यामुळे टेबल सॉसारखे लाकूड उसळून अंगावर येण्याचा धोका खूप कमी. मात्र हे यंत्र निरुपद्रवी नाही. खाटीकखान्यात हाडे कापायला हेच यंत्र वापरतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. गोल दांडा किंवा फांदी आधाराशिवाय कापायला घेतली, तर ब्लेड ती क्षणात गरगर फिरवते आणि हात सोबत ओढला जातो.

मोठे चाक नेमके कशासाठी?

अनेकांचा समज असा की मोठे चाक म्हणजे जास्त रुंद लाकूड. ते खरे आहे, कारण ब्लेड आणि खांब यांच्यातले अंतर चाकाच्या व्यासापेक्षा थोडेच कमी असते. पण उभ्या फळ्या काढणाऱ्याला त्या अंतराची फारशी गरज पडत नाही. मोठ्या चाकाचा खरा उपयोग ब्लेडला होतो.

चाकावरून जाताना ब्लेड प्रत्येक फेरीत दोनदा वाकते आणि सरळ होते. ०.९ मिलिमीटर जाडीचे पोलादी ब्लेड ३५० मिलिमीटर चाकावर वाकले की त्याच्या पृष्ठभागावर दर चौरस मिलिमीटरला सुमारे ५०० न्यूटन ताण येतो. ६०० मिलिमीटर चाकावर तोच ताण ३०० पर्यंत उतरतो. कापण्यासाठी दिलेला ताण याच्या वर वेगळा. साहजिकच लहान चाकावर जाड ब्लेड लवकर थकते आणि तडकते. लहान यंत्रावर ०.६ मिलिमीटरच्या आसपासची पातळ ब्लेडे वापरतात ती यामुळेच.

दुसरा हिशेब सांगाड्याचा. २५ मिलिमीटर रुंद आणि ०.९ मिलिमीटर जाड ब्लेड घेतले, दात्यांची खोली वजा केली, तर ताण पेलणारा भाग उरतो साधारण १८ चौरस मिलिमीटर. साध्या कार्बन स्टीलच्या ब्लेडला दर चौरस मिलिमीटरला १४० न्यूटन ताण द्यायचा ठरला, तर एका बाजूला सुमारे अडीच हजार न्यूटन होतात. ब्लेडच्या दोन बाजू, म्हणजे वरच्या चाकाला खाली ओढणारे बल पाच हजार न्यूटन. सोप्या भाषेत, वरच्या चाकाला ५०० किलो वजन टांगल्यासारखे! बायमेटल किंवा कार्बाइड दात्यांच्या ब्लेडला याहून अधिक ताण लागतो. यंत्राचा खांब आणि वरच्या चाकाचा दांडा हे न वाकता पेलणार असेल, तरच ३०० मिलिमीटर उंच फळी सरळ निघते. नाहीतर ब्लेड पोटात फुगते आणि फळी मध्ये जाड, कडेला पातळ अशी होते.

म्हणूनच ३५० मिलिमीटरच्या यंत्राच्या खांबाला जोडतुकडा घालून उंची वाढवणे फसवे ठरते. उंची वाढते, ताकद वाढत नाही. विक्रेत्याला चाकाचा आकार विचारण्याआधी विचारावे : जास्तीत जास्त किती रुंदीच्या ब्लेडला पूर्ण ताण देता येतो? छापील आकड्यावर विसंबू नये. ते ब्लेड चढवून, ताणून, चालवून दाखवायला सांगावे. स्टीलच्या पेटीसारख्या जाड खांबाची यंत्रे इथे सहसा उजवी ठरतात. वखारीतून निघालेले ओतीव लोखंडाचे जुने देशी यंत्रही वाईट नाही, पण त्याच्या चाकांना तडा, बेअरिंगला खेळ आणि रबरी टायरला भेगा आहेत का, हे हाताने फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

ब्लेड कुठे मिळणार, हेही आधी पाहावे. मोठ्या यंत्राला लागणाऱ्या लांबीचे तयार ब्लेड दुकानात असेलच असे नाही. लागेल तेवढी पट्टी कापून, जोडून देणारा कारागीर जवळपास हवा.

घरात बसेल का?

४५० मिलिमीटरचे यंत्र साधारण २०० किलोचे, ६०० चे त्याच्या दुपटीच्या आसपास, आणि उंची सहा फुटांच्या पुढे. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून आखलेला असतो. ३०० किलोचे यंत्र अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर उभे राहते. त्यामुळे वरच्या मजल्याचा विचार अभियंत्याला दाखवल्याशिवाय करू नये. तळमजला, गॅरेज किंवा पडवीच बरी. यंत्राचे बरेचसे वजन वरच्या भागात असल्याने ते पटकन कलंडते. हलवताना टेबलाला धरून उचलू नये, टेबलाखालचा ट्रनियन नावाचा आधार तडकतो. आणि दरवाजाची उंची टेम्पो दारात येण्याआधी मोजावी.

विजेचे काय?

तीन हॉर्सपॉवर म्हणजे सव्वादोन किलोवॅट. सिंगल फेजवर ही मोटर चालताना १४-१५ अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. घरातला १६ अँपिअरचा सॉकेट त्यासाठी नाही. मीटरपासून ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेची स्वतंत्र लाइन, मोटरसाठी योग्य एमसीबी आणि नीट अर्थिंग हवे. बिलावरचा मंजूर भार पुरेसा नसेल तर तो वाढवून घ्यावा लागतो.

गावाकडे प्रश्न वेगळा. मोटरची फिरवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी १८५ व्होल्ट मिळाले, तर ताकद ६५ टक्क्यांवर येते आणि मोटर तापते. ऐन कापात ब्लेड अडकते ते अशा वेळी. थ्री फेज यंत्र स्वस्तात मिळाले तर सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी हा पर्याय आहे, मात्र मोटरच्या पाटीवर डेल्टा जोडणीत २३० व्होल्ट लिहिलेले असेल तरच. फक्त ४१५ व्होल्टची मोटर असेल तर हा व्यवहार सोडलेला बरा.

स्विचबाबत तडजोड नको. वीज गेली आणि परत आली तर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. त्यासाठी शेतीपंपाला असतो तसा हिरव्या-लाल बटणाचा डीओएल स्टार्टर पुरतो. वीज जाताच तो सुटतो आणि पुन्हा बटण दाबेपर्यंत मोटर बंद राहते. भारनियमनाच्या भागात साधा टॉगल स्विच लावलेला बँड सॉ म्हणजे बोटांशी खेळ.

परवाना लागतो का?

हा प्रश्न बहुतेकांना यंत्र बसवून झाल्यावर पडतो. टी. एन. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशापासून लाकूड उद्योगावर कडक नियंत्रण आणले. ऑक्टोबर २००२ मध्ये केंद्रीय सक्षम समितीच्या परवानगीशिवाय नवी आरागिरणी सुरू करण्यास मनाई झाली. पुढे २०१६ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने लाकूड-आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि राज्यस्तरीय समित्यांकडे निर्णय सोपवले.

पक्क्या जागी यंत्र बसवून गोल ओंडके चिरणे म्हणजे आरागिरणी, असा या नियमांचा रोख आहे. कापीव लाकूड, प्लायवूड यांवर काम करणाऱ्यांना सवलती आहेत, पण त्या देताना यंत्राचा प्रकार आणि आकारही पाहिला जातो. ‘छंद आहे, धंदा नाही’ हे उत्तर पुरेल असे गृहीत धरणे धोक्याचे. आगाऊ रक्कम देण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात यंत्राचा आकार आणि वापर सांगून लेखी विचारणा करावी. जुने लाकूड घेताना पावती जपून ठेवावी.

परसातला पडलेला आंबा किंवा फणस घरीच चिरू, हा बेत तर आणखी जपून करावा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ अशी झाडे आहेत. शहरांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा वेगळा.

शेजाऱ्यांचा विचारही हवा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. बँड सॉ रंधायंत्राइतका किंचाळत नाही, पण रात्री दहानंतर तो चालवण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

बसवल्यावर पहिले काम कोणते?

वीज जोडण्याआधी चाके हाताने फिरवावीत. ब्लेड चढवून थोडा ताण द्यावा आणि वरच्या चाकाचा कल बदलत ते टायरच्या मधोमध पळेल असे करावे. त्यानंतर पूर्ण ताण. यंत्रावरची ताण दाखवणारी पट्टी फार मनावर घेऊ नये. स्प्रिंग जुनी झाली की ती खोटे बोलते. गाइड मागे सारून, झाकणे लावून यंत्र चालवावे आणि ताण हळूहळू कमी करावा. ब्लेड थरथरू लागेल तिथे थांबून, थरथर जाईपर्यंत पुन्हा ताणावे आणि आणखी थोडे पुढे जावे.

गाइड लावायचे ते सर्वांत शेवटी, आणि यंत्राचा प्लग काढून. बाजूचे गाइड आणि ब्लेड यांत कागदाच्या जाडीएवढी फट, आणि ते दात्यांमधल्या खोबणीच्या किंचित मागे. पुढे आले तर दात्यांचे वळण मोडते. मागचे बेअरिंग रिकाम्या चालीत ब्लेडला टेकू नये, काप सुरू झाल्यावरच टेकावे. टेबल काटकोनात आहे का, हे पाहायला गुण्यापेक्षा एक ठोकळा बरा. त्यावर छोटा काप घ्यावा, यंत्र बंद करून ठोकळा उलटा करावा आणि तोच काप ब्लेडच्या पाठीत सरकवून पाहावा. सहज बसला तर टेबल बरोबर.

फळी चिरताना काप एका बाजूला ओढतो, ही नेहमीची तक्रार. कुंपण तिरके करून वेळ मारून नेण्याचा सल्ला सर्रास मिळतो. पण आधी ब्लेडची धार, त्याचा ताण आणि चाकावरची जागा तपासावी, बहुतेकदा दोष तिथेच सापडतो. दातेही कामाप्रमाणे हवेत. २०० मिलिमीटर उंच सागाला इंचाला दोन-तीन दाते पुरतात. जास्त दाते म्हणजे गुळगुळीत काप, हा समज इथे उलटतो, कारण खोबणी भुशाने भरतात आणि ब्लेड भरकटते. वळणाच्या कामाला मात्र अरुंद ब्लेड लागते. ६ मिलिमीटरचे ब्लेड साधारण १६ मिलिमीटर त्रिज्येत वळते, १२ मिलिमीटरच्या ब्लेडला ६० च्या वर लागते.

तुळई यंत्राकडे नेण्याआधी तिच्यावरून मेटल डिटेक्टर फिरवावा. खिळा लागला तर ब्लेड जाते, शिवाय डोळ्यांवर गॉगल नसेल तर त्याहून वाईट होते. भुशाबाबतही गाफील राहू नये. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत केलेली आहे. बंद गॅरेजमध्ये १०० मिलिमीटर पाइपचा डस्ट कलेक्टर आणि चांगला मास्क, दोन्ही हवेत.

कोकणात आणि मुंबईत ओतीव टेबलावर पावसाळ्यात एका रात्रीत गंज चढतो. मेणाचा पातळ हात दर पंधरवड्याला फिरवावा. काही दिवस काम नसेल तर ब्लेडचा ताण सोडावा, म्हणजे टायरवर खळगा पडत नाही. आणि ताण सोडल्याची चिठ्ठी स्टार्टरलाच अडकवावी, नाहीतर घरातले दुसरे कोणी सैल ब्लेडवर हिरवे बटण दाबते.