मेजरची मुलगी आणि राहिलेला अर्ज



आडसाली लागणीच्या नोंदी घेत आम्ही एका वस्तीवर गेलो होतो. सरी पाहून झाली, चहा आला. हे सभासद फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गावात सगळे त्यांना मेजरच म्हणतात. थोरली मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

"फी कशी भागवता मेजर?" आम्ही सहज विचारले.

"सोसायटीचं कर्ज अन् उसाचं बिल. दुसरं काय साहेब?"

मुलीला बारावीला ७२ टक्के. पंतप्रधान शिष्यवृत्तीसाठी ६० टक्के लागतात. केंद्रीय सैनिक बोर्डाची ही योजना २००६-०७ पासून चालू आहे. माजी सैनिकांच्या मुलामुलींना आणि विधवांना व्यावसायिक शिक्षणासाठी २०१९ पासून मुलीला दरमहा ३,००० आणि मुलाला २,५०० रुपये, असा दर आहे. मुलीचे वर्षाचे ३६,००० झाले. मात्र अर्ज पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला त्याच साली करावा लागतो. मेजरना योजना कळली ती आमच्याकडून, दुसऱ्या वर्षी. अर्ज केला असता तर मिळालीच असती असे नव्हे, देशभरातून साल्याला ५,५०० च निवडतात. पण अर्जच नाही म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

"आम्हाला सांगितलं कुणी?" मेजर म्हणाले. खरेच आहे. तोड आली की चिटबॉय दारात येतो, हे सांगायला कोण येणार?

शाळकरी मुलांसाठीही सोय आहे. हवालदार व त्याखालच्या हुद्द्याच्या माजी सैनिकांना दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत, शिक्षण अनुदान मिळते. पूर्वी ते मुलामागे दरमहा १,००० होते. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना २,००० झाले. मूल मागची इयत्ता पास हवे. दोन्ही अर्ज ऑनलाइन भरायचे, पडताळणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होते. निमलष्करी दलातील जवानांना ही शिष्यवृत्ती नाही, त्यांची गृहखात्याकडून वेगळी आहे.

मेजरचा धाकटा यंदा बारावीला. आम्ही डिस्चार्ज बुक काढायला लावले. पत्नीचे नाव होते, थोरलीचे होते, धाकट्याचे नव्हते. सुट्टीवर असताना जन्मला, चढवायचे राहून गेले. आता रेकॉर्ड ऑफिसला कागद पाठवलाय. आमच्या गटात आणखी कुणा फौजी सभासदाचे असे राहिले असेल तर नोंदीला येताना सातबाऱ्याबरोबर डिस्चार्ज बुकही आणा. एकत्र बसून बघू.