मीटर नसलेला संगणक

टोरांटोच्या युनियन स्टेशनातून बाहेर आलं की रस्त्यापलीकडे रॉयल यॉर्क हॉटेल दिसतं. ही दगडी इमारत 1929 पासून तिथे उभी आहे आणि माझा रोजचा रस्ता तिच्यासमोरूनच जातो. 25 सप्टेंबर 1973 रोजी या हॉटेलात मायक्रो कॉम्प्युटर मशिन्स नावाच्या टोरांटोच्याच एका छोट्या कंपनीने एक यंत्र लोकांपुढे मांडलं. नाव एमसीएम/70. वजन नऊ किलोच्या आसपास, आकार टाइपरायटरएवढा, आत इंटेलचा 8008 हा प्रोसेसर. ऑल्टेअर हा संगणक यायला अजून सव्वा वर्ष होतं, ॲपल कंपनी निघायला अडीच. हे मला कळलं तेव्हा या शहरात राहून मला बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही.

का गेला नाही, त्याचं कारण माझ्या लहानपणीच्या एसटीडी बूथमध्ये आहे. फोनवर मामा असायचा, बोलायला खूप काही असायचं, आणि डोळे मात्र मीटरच्या लाल आकड्यांवर. आकडा पळत असला की माणूस कामाचं तेवढंच बोलतो. गप्पा मीटर नसलेल्या जागीच होतात. 1973 सालचा संगणक म्हणजे असाच एक बूथ होता. एखाद्या कंपनीचा मोठा संगणक कुठेतरी वातानुकूलित खोलीत, आणि तुम्ही तुमच्या कचेरीतल्या टर्मिनलवरून फोनच्या तारेने त्याला जोडलेले. किती वेळ जोडलेले राहिलात आणि यंत्राचा किती वेळ खाल्लात, याचं बिल महिन्याला यायचं. टोरांटोत आय. पी. शार्प असोसिएट्स ही कंपनी या धंद्यात नावाजलेली होती. सेवा उत्तम, पण वेळ दुसऱ्याच्या मालकीचा. अशा यंत्रावर कोण काय खेळणार?

हे मीटर बंद करायचं मनावर घेतलं ते मर्स कुट यांनी. संगणकाच्या इतिहासात त्यांना जेवढी जागा मिळायला हवी तिचा दहावा हिस्साही मिळालेला नाही, असं माझं ठाम मत आहे. कुट किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक आणि संगणक केंद्राचे प्रमुख होते. 1967 मध्ये त्यांनी कन्सॉलिडेटेड कॉम्प्युटर ही कंपनी काढली. पंचकार्डांच्या गठ्ठ्यांऐवजी कळफलकावरून थेट माहिती भरायची तिची की-एडिट प्रणाली चांगली चालली, पण पैशाचं गणित कोलमडलं आणि 1971 मध्ये स्वतःच्याच कंपनीतून त्यांना बाहेर पडावं लागलं. दुसरा कुणी पुन्हा शिकवायला गेला असता. कुट यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात नवी कंपनी काढली, तीच मायक्रो कॉम्प्युटर मशिन्स. 8008 तेव्हा बाजारात यायचाही होता!

यंत्राचं हार्डवेअर होझे लाराया यांच्याकडे आलं आणि सॉफ्टवेअर गॉर्डन रेमर यांच्याकडे. रेमर यांनी आधी यॉर्क विद्यापीठात एपीएल या भाषेची एक आवृत्ती तयार केली होती, तीच पुंजी इथे कामी आली. एपीएलचे जनक केनेथ आयव्हरसन हेही मूळचे कॅनडाचेच, अल्बर्टातल्या कॅमरोजचे. या भाषेत गुणाकाराची फुली आणि भागाकाराची दोन टिंबांमधली रेघ शाळेच्या वहीत असते तशीच कळफलकावर असते. बेरजेचं चिन्ह, त्यापुढे तिरकी रेघ आणि मग आकड्यांची रांग लिहिली की अख्ख्या रांगेची बेरीज हजर. कंसाशिवायचं गणित मात्र उजवीकडून डावीकडे सुटतं. तीन गुणिले चार अधिक पाच म्हटलं की शाळेत उत्तर सतरा, इथे सत्तावीस. पहिल्या दिवशी हे फार खटकतं, आठवड्याने सवयीचं होतं.

एवढी मोठी भाषा इतक्या किरकोळ प्रोसेसरवर बसवणं हेच मुळात धाडस होतं. 8008 ला सोळा केबीच्या पलीकडची स्मृती थेट दिसतच नाही, आणि वापरणाऱ्याच्या वाट्याला जास्तीत जास्त आठ केबी. मग या मंडळींनी कॅसेटची फीतच स्मृतीचा विस्तार म्हणून वापरली. यंत्राने हवं ते फितीवर ठेवायचं, लागलं की परत आणायचं, वापरणाऱ्याला काही कळू द्यायचं नाही. पडदा म्हणजे नारिंगी प्रकाशाची एकच ओळ, बत्तीस अक्षरांची. वीज गेली तर आतली बॅटरी यंत्राला तेवढ्यापुरतं सांभाळायची, चालू काम फितीवर उतरवलं जायचं आणि मगच यंत्र बंद व्हायचं. भारनियमनात वाढलेल्या माझ्यासारख्याला या एका सोयीसाठी त्या इंजिनिअरांना हात जोडावेसे वाटतात.

पुढे हेच यंत्र ब्रीफकेसमध्ये बसवून बॅटरीवर चालवायचा नमुनाही तयार झाला. तो विक्रीला कधीच आला नाही.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते 1974 सालचं यंत्राचं माहितीपुस्तक. अशा पुस्तकांत सुरुवातीला प्लग कुठे लावायचा ते असतं. इथे सुरुवातीला ग्राहकाला सांगितलंय की स्वतःचा खासगी संगणक असण्याचं हे सुख उपभोगा, याआधी ते कोणत्याच संगणक वापरणाऱ्याच्या नशिबी आलेलं नव्हतं. 'पर्सनल कॉम्प्युटर' हे शब्द तिथे छापलेले आहेत, आयबीएमने ते आपल्या यंत्रावर लावण्याच्या सात वर्षं आधी. 'पहिला कोण' या वादात फ्रान्सच्या मिक्राल एनचं नाव नेहमी येतं आणि ते यंत्र काही महिने आधीचं आहेही. पण मिक्राल उपकरणांवर नजर ठेवण्यासाठी घडवलेलं होतं. घरी नेऊन त्याच्यापुढे स्वस्थ बसा, असं माणसाला उद्देशून सांगितलं ते टोरांटोच्या यंत्राने. माझ्यापुरता वाद तिथेच मिटतो.

त्या सुखाची वाट मात्र सरळ नव्हती. वीजपुरवठ्याच्या भागाने रखडवलं आणि यंत्र ग्राहकांच्या हाती पडायला 1974 उजाडलं. दरम्यान कुट आणि गुंतवणूकदार यांच्यात कंपनी कशी चालवायची यावरून बिनसलं आणि त्याच वर्षी कुट बाहेर पडले. तीन वर्षांत दुसऱ्यांदा. गुंतवणूकदारांना आपल्या पैशाची काळजी वाटणं स्वाभाविक होतं. तरीही ज्या माणसाला ते यंत्र आधी दिसलं होतं तोच निघून गेला, आणि तिथून कंपनीचं लक्ष घराघरातल्या माणसाकडून कचेऱ्यांकडे सरकलं असं मला वाटतं. गिऱ्हाइकं मोठी मिळाली. नासाचं गॉडर्ड केंद्र, टोरांटोचं मुलांचं रुग्णालय, न्यूयॉर्कची एक विमा कंपनी. पण सप्टेंबर 1975 मध्ये आयबीएमने 5100 आणला. तोही एपीएल बोलणारा, वजन मात्र अडीचपट. त्यापुढे टोरांटोच्या कंपनीचा टिकाव लागला नाही. नवी मॉडेलं निघत राहिली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सगळं थांबलं.

ही हकिकत आज सलग वाचता येते ती यॉर्क विद्यापीठातले प्राध्यापक झ्बिग्निएव्ह स्टाखनियाक यांच्यामुळे. त्यांनी माणसं शोधली, कागद मिळवले, विद्यापीठात संगणक संग्रहालय उभारलं आणि 2011 मध्ये या यंत्रावर पुस्तक लिहिलं. त्याच संग्रहालयाने एमसीएम/70 हुबेहूब चालवून दाखवणारी संगणकीय प्रतिकृतीही तयार केली आहे.

ती मी घरी लॅपटॉपवर घेतली. पहिले काही दिवस घरखर्चाचे आकडे टाकून बेरजा केल्या, सरासरी काढली. मग एका रविवारी बाहेर बर्फ पडत होता आणि लेकीने सापशिडी काढली. फासा सापडेना. सोफ्याखाली पाहिलं, खेळण्यांचा डबा उपडा केला. शेवटी लॅपटॉप उघडला. एपीएलमध्ये प्रश्नचिन्ह लिहून पुढे सहा लिहिलं की एक ते सहामधला कुठलाही एक आकडा मिळतो. बत्तीस अक्षरांच्या त्या नारिंगी ओळीच्या टोकाला एकटा चार उमटला. लेकीने सोंगटी चार घरं सरकवली आणि कळफलक स्वतःकडे ओढला. संध्याकाळपर्यंत आम्ही सात डाव खेळलो.