लाकडातली मुद्रा

कराड आणि विट्याच्या मधलं, गुहागर–विजयपूर महामार्गावरचं कडेगाव महाराष्ट्राला माहीत आहे ते मोहरमच्या ताबुतांमुळे. शंभर फुटांहून उंच बांबूचे ताबूत इथे बांधले जातात. त्यांतल्या काहींचा मान हिंदू घराण्यांकडे आहे. बांधणीही जगावेगळी, आधी कळस आणि मग पाया. सगळा हिशेब बांधणाऱ्याच्या नजरेत आणि हातात असतो. काही चुकलं की तिथल्या तिथे दोरी सोडायची आणि पुन्हा आवळायची.

याच पट्ट्यात आता रुजू लागलेली दुसरी एक कारागिरी नेमकी उलट स्वभावाची आहे. ती म्हणजे सीएनसी राउटर, आकड्यांच्या हुकमावर लाकूड कोरणारं यंत्र. त्याला नजर नाही आणि शंकाही येत नाही. एकदा सांगितलेलं तो शेवटपर्यंत करतो, मग ते बरोबर असो वा चूक. दारावरची वेलबुट्टी तो बिनबोभाट कोरतो, कारण एखादं पान डावीकडे कललं तरी कुणी हिशेब विचारत नाही. त्याचा आणि तो चालवणाऱ्याचा खरा कस लागतो अक्षरं असलेल्या मुद्रेत.

मुद्रेला मागणी भरपूर. खानापूर, आटपाडी, तासगाव, कडेगाव या दुष्काळी टापूतली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरली. पैसा परमुलखात कमावला, तरी घर बांधायचं ते गावाकडे. त्या घराच्या दर्शनी भिंतीवर किंवा चौकटीच्या माथ्यावर शिवछत्रपतींची राजमुद्रा हवी असते. सत्काराची स्मृतिचिन्हं, मंडळांचे फलक, दुकानांच्या पाट्या हे वेगळंच. ही अष्टकोनी मुद्रा आज नौदलाच्या निशाणावरही पोचली आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली, तेव्हा अनावरण झालेल्या नव्या ध्वजावरचा अष्टकोन याच मुद्रेवरून घेतलेला आहे.

यंत्र दिसायला साधं. ४ बाय ८ फुटांचा लोखंडी बेड, त्यावर पुढे-मागे सरकणारी कमान, कमानीवर डावी-उजवीकडे जाणारा आणि वर-खाली होणारा स्पिंडल. एक्स, वाय आणि झेड या तीन दिशा. स्पिंडल मिनिटाला १८ ते २४ हजार फेरे घेतो आणि त्याच्या टोकाला कार्बाइडचं टूल असतं. शेजारी टीव्हीच्या रिमोटसारखा हातात मावणारा कंट्रोलर आणि त्यात खोचलेला पेनड्राइव्ह. फाइल उघडून पाहिली तर आकड्यांच्या ओळीच ओळी: अमुक एक्स, अमुक वाय, अमुक खोली, तिथे जा. मुद्रा, चंद्रकोर, अक्षर यांतलं काहीही यंत्राला ठाऊक नसतं.

आकड्यांनी यंत्र हाकण्याची ही युक्ती हेलिकॉप्टरच्या पात्यांतून आली. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये जॉन पार्सन्स हे कारखानदार पात्यांचे वळणदार साचे बनवत होते. वळणावरचे बिंदू आकड्यांत मांडून कटर त्या बिंदूंवरून न्यायचा, ही त्यांची कल्पना. अमेरिकी हवाई दलाने पैसा दिला, एमआयटीत काम झालं आणि १९५२ मध्ये छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारं मिलिंग यंत्र लोकांपुढे आलं. पुढे पट्टीच्या जागी संगणक आला. २००९ मध्ये ‘जीआरबीएल’ नावाचा खुला प्रोग्राम निघाला आणि आर्डुइनोच्या तळहाताएवढ्या बोर्डावर असं यंत्र चालवणं शक्य झालं. छोटी यंत्रं हौशी माणसांच्या घरात शिरली ती तेव्हापासून. हा मुलूख तसा यंत्राला नवखा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शेजारच्या कुंडलच्या माळावर १९१० मध्ये कारखाना काढला. तेव्हापासून इथल्या कित्येक घरांत लेथ, मायक्रोमीटर हे शब्द विळ्या-कोयत्यांच्या पंगतीत बसले आहेत.

आता काम जवळून पाहू. दीड फुटी मुद्रा सागवानात कोरायची आहे. फळी बेडवर क्लॅम्पने घट्ट आवळली जाते. लाकडाच्या पृष्ठभागाला टूल टेकवून ‘झिरो’ घेतला जातो. मग रफिंग. ६ मिलिमीटरचं टूल नको असलेलं लाकूड थराथराने काढून टाकतं आणि आकारावर अर्ध्या मिलिमीटरची साय ठेवतं. या टप्प्यावर मुद्रा पायऱ्या-पायऱ्यांच्या डोंगरासारखी ओबडधोबड दिसते. मग टूल बदलतं. निमुळतं, टोकाशी १ मिलिमीटर जाडीचं, गोल नाकाचं टूल येतं आणि फिनिशिंग सुरू होतं.

इथे थोडं गणित करून पाहावं. टूलची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपासून मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यावर असते. ४५० मिलिमीटरचा चौकोन भरायला अशा ४,५०० फेऱ्या लागतात आणि प्रत्येक फेरी ४५० मिलिमीटरची. म्हणजे ते इवलंसं टोक दीड फुटांत दोन किलोमीटर चालतं. मिनिटाला ३ मीटर चाल धरली, तरी सव्वाअकरा तास लागतात. फेऱ्यांमधलं अंतर दुप्पट केलं तर वेळ निम्म्यावर येतो, पण लाकडावर बारीक रेघा उरतात आणि त्या घासायला माणूस लागतो. भाव ठरतो तो या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी.

सव्वाअकरा तास सलग वीज मिळणं हा तालुक्याच्या गावी नशिबाचा भाग. वीज गेली की स्पिंडल जागीच थांबतो. कंट्रोलर शेवटची जागा लक्षात ठेवतो, पण वीज आल्यावर यंत्राला आधी ‘होम’ला, म्हणजे मूळ जागी, पाठवून मगच पुन्हा कामाला लावावं लागतं. त्यात केसभर फरक पडला, तरी मुद्रेवर आडवी जोडरेघ उमटते.

लाकडाचेही नखरे असतात. सागवानात सिलिका असते, ती कार्बाइडचीही धार खाते. लाकडाचे तंतू दाबून केलेल्या एमडीएफला रेषाच नसल्यामुळे ते लोण्यासारखं कापलं जातं. पण त्याची भुकटी पिठाहून बारीक, आणि भुकटीसोबत डिंकातलं फॉर्माल्डिहाइडही श्वासात जातं. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. मास्क आणि धूळ ओढणारं यंत्र दोन्ही हवं.

पण खरी परीक्षा अक्षरांची. राजमुद्रेतला संस्कृत श्लोक अवघ्या ३२ अक्षरांचा, आणि त्यातली जोडाक्षरं पाहा: च्च, न्द्र, ष्णु, श्व, स्यै, द्रा. त्यावर ‘र्धि’ आणि ‘र्वि’ अशा दोन ठिकाणी एकाच अक्षरावर रफारही आहे आणि ऱ्हस्व वेलांटीही. अक्षरं उठावाची असतील तर टूलला त्यांच्या मधल्या फटींत उतरावं लागतं. १ मिलिमीटरचं टोक पाऊण मिलिमीटरच्या फटीत शिरत नाही. मग सॉफ्टवेअर ती फट मुकाट्याने बुजवून टाकतं. दीड फुटी मुद्रेत हे क्वचित होतं. सहा इंची स्मृतिचिन्हात मात्र ‘ष्णु’चा पार गोळा होतो. त्यावर उपाय तीनच: टूल आणखी बारीक घ्या, अक्षर सडपातळ काढा किंवा मुद्रा मोठी करा. लाकडातल्या रेषेचाही विचार करावा लागतो. शिरोरेषा ही मुद्रेतली सगळ्यांत लांब आणि अरुंद भिंत. लाकडाची रेषा तिच्या दिशेने धावत असेल तर ती टिकते, आडवी गेली तर घासतानाच टवका उडतो.

त्याआधीची चूक फाइलमध्येच दडलेली असते. उठावाचं चित्र करायला आपल्याकडे आर्टकॅम फार वापरलं गेलं. बर्मिंगहॅमच्या डेलकॅम कंपनीचं हे सॉफ्टवेअर पुढे ऑटोडेस्ककडे गेलं आणि २०१८ मध्ये त्याची विक्री थांबली, तरी त्यात बनलेल्या फाइली हातोहात फिरतच आहेत. देवनागरीची जुळणी न कळणाऱ्या प्रोग्राममध्ये श्लोक टाकला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसतात, रफार शेजारच्या डोक्यावर जातो. ‘नोः’चा विसर्ग तर धुळीचा ठिपका समजून पुसलाही जातो. अशी एक फाइल एकाकडून दुसऱ्याकडे गेली की तीच चूक शेकडो भिंतींवर टांगली जाते. हाताने कोरणाऱ्याची चूक एका फळीपुरती राहायची.

दुसरी अडचण तीन सिंहांची. सारनाथच्या स्तंभशीर्षावरून घेतलेलं राजचिन्ह देशाने २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारलं. त्याची फाइल बाजारात सहज मिळते आणि ते घराच्या पाटीवर कोरून मागणारेही भेटतात. पण २००५ चा कायदा आणि २००७ चे नियम यांनी ते कुणी वापरावं हे ठरवून दिलं आहे. माजी मंत्री, माजी आमदार, निवृत्त अधिकारी यांनाही ते वापरता येत नाही. गैरवापराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शहाणा कारागीर असं काम आलं की आधी अधिकाराचा कागद मागतो.

म्हणजे या धंद्यातलं कौशल्य पटाशीवरच्या मुठीतून निघून कामाच्या आधीच्या तासाभरात येऊन बसलं आहे. रेषा कुठल्या दिशेला ठेवायची, खोली किती, टूल कुठलं, हे तेव्हाच ठरतं. मुद्रा कोरण्याचा धंदा पूर्वीही वाचणाऱ्याचाच होता. ठसा उमटवायची मुद्रा उलटी कोरावी लागते आणि उलटं अक्षर कोरायचं तर सुलटं पक्कं ठाऊक असावं लागतं. आज ‘मिरर’चं एक बटण ते काम करतं. वाचण्याचं बटण मात्र अजून आलेलं नाही.

वाचून घेण्याचं काम स्वस्त आहे. टूलपाथ, म्हणजे टूलची वाट, काढण्याआधी फाइलची खऱ्या मापाची छापील प्रत काढायची आणि संस्कृत जाणणाऱ्या कुणाकडून, गावातल्या शाळेतल्या गुरुजींकडून म्हणा, वाचून घ्यायची. अक्षरं मोजायची, बत्तीस भरली पाहिजेत. गिऱ्हाईक येतं आणि दोनच गोष्टी विचारतं, फुटाला काय भाव आणि कधी मिळेल. त्याने तिसरीही विचारावी: ही कुणी वाचली आहे का? ज्या कारागिराकडे याचं उत्तर असेल, त्याला फुटामागे चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.