खोबरेल तेलाची दर्जामानके आणि लेबलवरील शब्द

प्रस्तावना

‘खोबरेल’ हा मराठी शब्द तेलाच्या उगमाची नोंद स्वतःमध्येच बाळगतो. खोबरे म्हणजे नारळाचा वाळवलेला गर आणि त्यापासून निघालेले ते खोबरेल. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ या कायद्याखालील २०११ च्या विनियमांनी केलेली व्याख्याही याहून वेगळी नाही. केरळात हे तेल प्रामुख्याने स्वयंपाकाचे आहे. महाराष्ट्रात मात्र, कोकणातील वाटणात ओले खोबरे कितीही सढळ पडत असले तरी, खोबरेल तेलाची बाटली बहुतेक घरांत फडताळाऐवजी आरशापाशी आढळते. असे असूनही त्याच बाटलीवर ‘खाद्यतेल’ हे शब्द, शाकाहारदर्शक हिरवे चिन्ह आणि अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक छापलेला असतो. ही विसंगती वरवरची नाही. तेल म्हणजे काय हे प्रयोगशाळा ठरविते; परंतु त्या तेलाचे रक्षण कोणत्या कायद्याने करावयाचे हे लेबल ठरविते. या दोहोंमधील संबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मानकांतील अंक आणि त्यांचा अर्थ

२०११ च्या विनियमांनी खोबरेल तेलासाठी जी मूल्ये दिली ती अशी : साबणीकरण मूल्य किमान २५०, आयोडिन मूल्य ७.५ ते १०, पोलेन्स्के मूल्य किमान १३ आणि आम्लमूल्य कमाल ६. यांपैकी आम्लमूल्य हे तेलाच्या शुद्धतेचे नव्हे, तर त्याच्या पूर्वायुष्याचे निदर्शक होय. ओल्या गरात जवळजवळ निम्मे पाणी असते. ते सुमारे ६ टक्क्यांपर्यंत उतरविल्याशिवाय खोबरे टिकत नाही. पावसाळी हवेत वाळवण अपुरी राहिली की बुरशी धरते, मेदाचे विघटन होऊन मुक्त मेदाम्ले वाढतात आणि तेलाला खवट वास येतो. आम्लमूल्य ६ याचा अर्थ लॉरिक आम्लाच्या रूपात मोजलेली सुमारे २.१ टक्के मुक्त मेदाम्ले. म्हणजे मर्यादा ओलांडणारे तेल भेसळीचेच असेल असे नाही. ते केवळ निष्काळजीपणे वाळवलेल्या खोबऱ्याचेही असू शकते.

भेसळीचा शोध उरलेल्या मूल्यांवर अवलंबून आहे. खोबरेल तेलाच्या मेदाम्लांपैकी साधारणतः निम्मे एकटे लॉरिक आम्ल असते. मेदाम्लांच्या साखळ्या लहान असल्याने साबणीकरण मूल्य उंच जाते आणि असंपृक्तता अल्प असल्याने आयोडिन मूल्य खाली राहते. पोलेन्स्के मूल्य हे जर्मन रसायनतज्ज्ञ पोलेन्स्के यांच्या नावाने ओळखले जाते. बाष्पासह उडणारी, परंतु पाण्यात न विरघळणारी मेदाम्ले किती आहेत हे ते सांगते. शेंगदाणा, सूर्यफूल किंवा साधे पाम तेल मिसळल्यास ही तिन्ही मूल्ये लगेच बिघडतात. खनिज तेल मिसळल्यास त्याचा साबणच होत नसल्यामुळे असाबणीय पदार्थांचे प्रमाण वाढते.

खरी अडचण पामच्या बियांतील गरापासून काढलेल्या तेलाची आहे. तेही लॉरिक गटातीलच तेल होय. त्याचे आयोडिन मूल्य सामान्यतः १४ ते २१ च्या दरम्यान असते. आता ८ आयोडिन मूल्याच्या ८० भाग खोबरेल तेलात १८ आयोडिन मूल्याचे २० भाग पाम-गर तेल मिसळले, तर मिश्रणाचे मूल्य बरोबर १० येते. अर्थात ते मर्यादेच्या आतच राहते. साबणीकरण व पोलेन्स्के मूल्येही अशा मिश्रणात किमान मर्यादेच्या वर राहू शकतात. वायुवर्णलेखनाने मेदाम्लांचा आलेख काढल्यास संशयाला आधार मिळतो. तथापि दोन्ही तेलांच्या नैसर्गिक मर्यादा एकमेकींत मिसळत असल्याने अल्प प्रमाणातील भेसळीबाबत तेथेही सावधपणेच बोलावे लागते.

घरोघरी केली जाणारी शीतकपाटातील परीक्षा तर याहून दुबळी आहे. शुद्ध खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते, म्हणून ‘थिजले ते अस्सल’ असा समज दृढ झाला आहे. सूर्यफूल तेलाची मोठी भेसळ या परीक्षेत उघडी पडेल. पाम-गर तेल मात्र स्वतःही थिजते आणि ही परीक्षा बिनबोभाट उत्तीर्ण होते.

भेसळीचा प्रश्न किती व्यापक आहे याची कल्पना केरळवरून येते. डिसेंबर २०१८ मध्ये तेथील अन्नसुरक्षा यंत्रणेने एकाच आदेशान्वये खोबरेल तेलाच्या ७४ नाममुद्रांवर बंदी घातली. ज्या राज्यात हे तेल रोजच्या जेवणात आहे, तेथील ही स्थिती आहे.

लेबलचे कार्य

वर उल्लेखिलेले ८० : २० मिश्रण मुळात निषिद्ध नाही, हे येथे ध्यानात घ्यावे लागेल. दोन खाद्य वनस्पती तेलांचे, प्रत्येकी किमान २० टक्के प्रमाण असलेले मिश्रण विहित अटी व अॅगमार्क प्रमाणन यांच्या अधीन राहून विकता येते. मात्र कोणते तेल किती टक्के आहे हे लेबलवर जाहीर करावे लागते. म्हणजेच बाटलीतील द्रव तोच असताना घोषणा असेल तर तो व्यापार आणि नसेल तर ती भेसळ ठरते. जेथे रसायनशास्त्राचा हात पोहोचत नाही, तेथे लेबलवरील विधान आणि कारखान्यातील खरेदीच्या नोंदी यांवरच भिस्त ठेवावी लागते.

खाद्यतेलांच्या लेबलविषयीचे बरेच नियम दुर्घटनांतून जन्मले आहेत. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातील धोतरा-सदृश पिवळ्या फुलाच्या आर्जेमोन बियांच्या भेसळीमुळे जलोदराची साथ पसरून अनेकांचा बळी गेला. त्याच वर्षी खाद्यतेल वेष्टन आदेश निघाला. सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवरील निर्बंध पुढे २०११ च्या विनियमांतही कायम राहिले. ‘डबल रिफाइंड’, ‘कोलेस्टेरॉलशी लढणारे’ यांसारख्या अतिशयोक्त शब्दांनाही नियमांनी मज्जाव केला. वजनाबाबतची सुधारणा मात्र अलीकडची आहे. तेल तापले की प्रसरण पावते. ३० अंशांच्या फरकाने आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढते. उंच तापमान गृहीत धरून ‘१ लिटर’ लिहिल्यास ग्राहकाच्या पदरी कमी वजन पडते. म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाचा उल्लेख न करता आकारमानाबरोबर वजनही छापण्याची सूचना उत्पादकांना केली.

खाद्यतेल की केशतेल?

लेबलच्या अधिकाराची सर्वांत मोठी कसोटी करविवादात लागली. लहान बाटलीतील खोबरेल तेल केसांसाठीच घेतले जाते, असे महसूल खात्याचे म्हणणे होते. जून २००९ च्या परिपत्रकाने २०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्या केशतेलात धरण्यास सांगितले. ऑक्टोबर २०१५ मध्ये ते मागे घेण्यात आले. सर्वोच्च न्यायालयात एप्रिल २०१८ मध्ये द्विसदस्यीय पीठाचे मतभेद झाले. अखेर १८ डिसेंबर २०२४ रोजी त्रिसदस्यीय पीठाने निर्णय दिला की, लहान वेष्टनातील शुद्ध खोबरेल तेल हे खाद्यतेलच होय. केशतेल म्हणून विकण्याजोगे वेष्टन व तशी निदर्शक चिन्हे असतील तरच ते केशतेल ठरेल. घरोघरच्या वापराकडे पाहता महसूल खात्याचा युक्तिवाद महाराष्ट्रात तरी खोटा म्हणता येणार नाही. परंतु ग्राहक घरी नेऊन काय करतो यावर वर्गीकरण टांगून ठेवले असते, तर तेच तेल केरळात अन्न आणि पुण्यात प्रसाधन ठरले असते.

त्या वेळी खाद्यतेलावर ५ टक्के, तर केशतेलावर १८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेलही ५ टक्क्यांच्या श्रेणीत आले आणि ‘खाद्यतेल’ असे छापण्यामागील कराचे आकर्षण संपले. उत्पादकाने उद्या ते शब्द गाळून ‘केशतेल’ असे छापले, तर बाटली १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कक्षेत जाईल आणि अन्नसुरक्षा अधिकाऱ्याने नमुना घेऊन पोलेन्स्के मूल्य तपासण्याचा मार्ग तिच्यापुरता बंद होईल. ‘खाद्यतेल’ हा शब्द जोवर बाटलीवर आहे, तोवर केसांना तेल लावणाऱ्या ग्राहकालाही खाणाऱ्यासाठी आखलेल्या मानकांचे संरक्षण मिळते.