ट्रेडमिलवरची वारी

मंडळी, उन्हाळ्यात आपल्या शॉमबर्गकरांना चालण्या-धावण्याचा कंटाळा येत नाही. शेजारीच बसी वुड्सची वाट आहे, तळं आहे, कुंपणाआड एल्क आहेत. थंडी सुरू झाली की मात्र सगळा व्यायाम बेसमेंटमध्ये जातो. ३० जानेवारी २०१९ ला ओहेअर विमानतळावर पारा उणे २३ फॅरनहाइटपर्यंत उतरला होता. अशा दिवशी बाहेर पळा, असं कोण सांगेल? उरते ती ट्रेडमिल, आणि दहाव्या मिनिटाला येणारा कंटाळा!

हा कंटाळा तसा जुनाच. १८१८ च्या सुमारास इंग्रज इंजिनिअर विल्यम क्युबिट यांनी तुरुंगातल्या कैद्यांसाठी पायचक्की बनवली. ट्रेडमिल हे नाव तिथलंच. म्हणजे शिक्षेचं यंत्र आपण पैसे मोजून घरी आणलंय म्हणा ना! पण ते सोडूनही चालणार नाही. २०१८ च्या अमेरिकन कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शनात दक्षिण आशियाई वंश हा हृदयविकाराचा धोका वाढवणारा घटक मानला आहे. प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हवा. चार महिने रजा घेणं आपल्याला परवडत नाही.

बाहेर रस्ता बदलतो, वारा बदलतो, कुणी ओळखीचं भेटतं. ट्रेडमिलवर बदलतो तो फक्त डोळ्यांसमोरचा आकडा. तेव्हा पहिला उपाय सोपा: आकड्यांवर टॉवेल टाका. दुसरा, अर्ध्या तासाचे तुकडे पाडा. पाच मिनिटं सावकाश चालणं, मग तीन मिनिटं हळू आणि दोन मिनिटं जोरात अशा चार फेऱ्या, शेवटी पुन्हा पाच मिनिटं चालणं. मन पुढच्या तुकड्याकडे लागतं आणि वेळ सरतो.

तिसरा उपाय कानांचा. आवडीचं काहीतरी फक्त ट्रेडमिलवरच ऐकायचं, एरवी नाही. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं, तेव्हा लोक आठवडाभर पुढच्या गाण्याची वाट बघत. ती ५६ गाणी तशीच पुरवून पुरवून ऐका. पुढचं गाणं ऐकायचं तर पट्ट्यावर चढावंच लागेल!

चौथा उपाय आमचा लाडका. आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर, म्हणजे जवळपास १५५ मैल. रोज दोन मैल, आठवड्यातून चार दिवस धरले तर वीस आठवड्यांत वारी पुरी होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला निघालात तर मार्चच्या मध्यावर पंढरपूर! फ्रिजवर नकाशा लावा आणि सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस अशा खुणा करत चला. दिवे घाट आला की चढ थोडा वाढवा. मुलांना खुणा करायला द्या. गावांची नावं आपोआप पाठ होतील.

एक काळजी मात्र घ्या. सेफ्टी क्लिप कपड्याला लावा, दांड्यांवर भार टाकू नका आणि छातीचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि एकट्याने चालू नका. मैलामागे एक डॉलर आपल्या आवडत्या सेवाकार्याला द्यायचं ठरवा, मित्रांनाही सामील करून घ्या. एका वारीचे १५५ डॉलर होतात. कुणाच्या तरी उपयोगी पडणारं पाऊल असलं की तितकंसं जड वाटत नाही. बघा तर खरं, आणि कुठवर पोहोचलात ते आम्हाला जरूर कळवा!